जुन्या मालट्रकच्या इंजिनातील कार्बन : घरी काय करावे, काय टाळावे

जयपूर : दिल्लीहून मुंबईकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८, म्हणजेच पूर्वीचा क्रमांक ८, जयपूर, किशनगढ, उदयपूर आणि अहमदाबाद या शहरांना जोडतो व पुढे पुणे, सातारा, कोल्हापूरमार्गे दक्षिणेकडे जातो. किशनगढच्या बाजारातील संगमरवर याच मार्गाने महाराष्ट्रात येतो. या मार्गावर पंधरा-वीस वर्षे सेवेत असलेले मालट्रक आजही दिसतात. यांपैकी अनेक ट्रक एकाच मालकाचे असतात आणि तो मालकच ते चालवीत असतो. ट्रक उभा राहिला की त्या घराचे उत्पन्न थांबते. त्यामुळे इंजिन काळा धूर सोडू लागले, ओढ कमी झाली आणि डिझेल अधिक लागू लागले, की गॅरेजचा खर्च वाचविण्यासाठी घरीच ‘कार्बन काढण्याचा’ विचार केला जातो.

या कामाचा काही भाग घरी निश्चितच करता येतो. काही भाग मात्र अनुभवी मिस्त्रीशिवाय करणे धोक्याचे आहे. ही मर्यादा न ओळखल्यास थोड्या बचतीपायी संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे कार्बन हा मूळ आजार नसून ते आजाराचे लक्षण आहे. तो का साचला याचा शोध न घेता केवळ खरवडून काढला, तर काही महिन्यांत तो पुन्हा साचतो.

कार्बनचा थर कसा तयार होतो

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा साधारणपणे १६ ते १८ पट दाबली जाते, त्यामुळे ती अत्यंत तप्त होते आणि नोझलमधून तुषाररूपाने आलेले डिझेल आपोआप पेट घेते. डिझेलचे तुषार बारीक असतील, हवा पुरेशी असेल आणि इंजिनाचे तापमान योग्य असेल, तर ज्वलन जवळजवळ पूर्ण होते. यांपैकी एकही गोष्ट कमी पडली, की अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी तयार होते.

या काजळीत इंजिन ऑइलचा अंश मिसळला, की तिचा चिकट थर बनतो आणि उष्णतेने तो दगडासारखा कठीण होतो. पिस्टनचा माथा, वरच्या रिंगची खाच, व्हॉल्व्हची दांडी, नोझलचे टोक, धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड आणि टर्बो असल्यास त्याची पाती या ठिकाणी तो प्रामुख्याने आढळतो. सर्वांत हानिकारक थर रिंगच्या खाचेतील असतो. तेथे रिंग अडकली, की ती सिलिंडरच्या भिंतीला घट्ट टेकत नाही. मग वायू खाली गळतात, ऑइल वर चढते, ते जळून आणखी कार्बन होतो आणि हे चक्र वाढत जाते.

जुन्या इंजिनांत डिझेलच्या प्रतीचाही वाटा होता. सन २००० च्या सुमारास देशातील डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण ०.२५ टक्के, म्हणजे दशलक्ष भागांत २,५०० भाग इतके असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज ६ डिझेलमध्ये ते १० भागांपर्यंत खाली आले आहे. गंधकापासून होणारी आम्ले ऑइल लवकर खराब करीत असत. आजचे डिझेल या बाबतीत बरेच स्वच्छ आहे. मात्र पूर्वी साचलेला कठीण थर केवळ चांगल्या डिझेलने निघून जात नाही.

राजस्थानच्या हवामानाचा परिणाम

जयपूर परिसरात या प्रश्नाला दोन स्थानिक कारणे जोडली जातात. पहिले कारण धूळ. उन्हाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या धुळीच्या वादळांमुळे एअर फिल्टर लवकर तुंबतो. हवा कमी आणि डिझेल तेवढेच, असे झाले की काळा धूर अटळ असतो. फिल्टर फाटलेला किंवा सैल बसलेला असेल तर हानी आणखी मोठी होते. वाळूचे बारीक कण आत जाऊन लाइनर व रिंग घासतात आणि ऑइल जळण्यास सुरुवात होते.

दुसरे कारण तापमानाशी संबंधित आहे. मे महिन्यात जयपूरमध्ये दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाणे नेहमीचे आहे. इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत उष्ण प्रदेशांतील काही गॅरेजमध्ये आढळते. हिवाळ्यात मात्र याच शहरात रात्री कडाक्याची थंडी पडते. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन अशा वेळी आवश्यक तापमानापर्यंत पोहोचतच नाही. थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही आणि कार्बन वेगाने वाढतो. माल भरण्याच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवण्याचा परिणामही असाच होतो.

धुराचा रंग काय सांगतो

कोणताही भाग उघडण्यापूर्वी लक्षणांची नोंद करणे आवश्यक आहे. त्यासाठी कोणतीही महागडी साधने लागत नाहीत.

काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर, नोझल, पंपाची जुळणी, टर्बोची गळती आणि प्रमाणाबाहेर लादलेला माल ही संभाव्य कारणे होत.

निळसर धूर : ऑइल जळत आहे. झिजलेल्या किंवा अडकलेल्या रिंग, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचे सील तपासावे.

पांढरा धूर : न जळालेले डिझेल अथवा सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी. रेडिएटरमधील पाणी वारंवार कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

याखेरीज चालू इंजिनाच्या ब्रीदरमधून जोराने धूर येणे हे रिंगमधून वायू गळत असल्याचे चिन्ह आहे. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळत आहे असे समजावे. अशा स्थितीत ट्रक पुढे चालवू नये. सलग तीन-चार फेऱ्यांत किती डिझेल लागले आणि किती ऑइल भरावे लागले याची नोंद ठेवल्यास मिस्त्रीलाही निदान करणे सोपे जाते.

पेट्रोल इंजिनाचे उपाय येथे लागू नाहीत

पेट्रोल मोटारींसाठी सांगितले जाणारे अनेक घरगुती उपाय डिझेल ट्रकवर करून पाहिले जातात. चालू इंजिनाच्या हवेच्या नळीत पाणी सोडणे, स्प्रे मारणे किंवा पातळ द्रावण ओतणे हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. डिझेल इंजिनात ते दोन कारणांनी घातक ठरतात.

पहिले कारण असे, की द्रव पदार्थ हवेसारखा दाबला जात नाही. जुन्या डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर त्याच्या व हेडच्या मध्ये फारच थोडी जागा उरते. तेथे थोडेसे अधिक पाणी साचले तरी कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पेट्रोल इंजिनात हवा अडविणारी झडप असते. जुन्या डिझेल इंजिनात सर्वसाधारणपणे अशी झडप नसते व त्याचा वेग केवळ पंपातून येणाऱ्या डिझेलवर ठरतो. हवेच्या नळीतून ज्वलनशील स्प्रे किंवा ऑइल आत गेले, तर इंजिन त्यावरच धावू लागते. अशा वेळी डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. वेग अनियंत्रित वाढून इंजिन फुटण्याचा धोका निर्माण होतो. असा प्रसंग ओढवल्यास एअर फिल्टरच्या नळीचे तोंड सपाट फळीने पूर्ण झाकून हवा तोडावी. तेथे हात किंवा कापड कधीही लावू नये. नळीपर्यंत सुरक्षितपणे पोहोचता येत नसेल तर सर्वांनी इंजिनापासून दूर व्हावे.

डिझेलच्या टाकीत घालावयाची द्रावणे नोझलच्या टोकावरील मऊ थर काही प्रमाणात कमी करू शकतात. रिंगच्या खाचेत घट्ट बसलेला जुना थर त्यांनी निघेल, अशी अपेक्षा ठेवू नये. गॅरेजमध्ये यंत्राद्वारे हायड्रोजन वायू सोडून केल्या जाणाऱ्या सफाईलाही हीच मर्यादा आहे. झिजलेली रिंग, गळणारी नोझल किंवा फाटलेला फिल्टर अशा कोणत्याही सफाईने दुरुस्त होत नाही.

घरी करता येण्याजोगी कामे

हेड न उघडता करावयाची पुढील कामे ट्रकमालक स्वतः करू शकतो. बऱ्याचदा धुराचे प्रमाण एवढ्यानेच लक्षणीयरीत्या कमी होते.

१. एअर फिल्टर : कागदी फिल्टर तुंबला असल्यास बदलावा. तो आपटून किंवा जोरदार हवेने साफ केल्यास कागदाला सूक्ष्म छिद्रे पडतात. अनेक जुन्या ट्रकमध्ये ऑइल बाथ पद्धतीचा फिल्टर असतो. त्यातील मातकट ऑइल काढून भांडे स्वच्छ धुवावे आणि खुणेपर्यंतच नवे ऑइल भरावे. खुणेच्या वर भरलेले ऑइल इंजिनात ओढले जाते. फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतची रबरी नळी व तिच्या पट्ट्या तपासाव्यात.

२. ऑइल व ऑइल फिल्टर : दोन्ही एकाच वेळी बदलावे. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच ऑइल वापरावे. फार जुन्या इंजिनात फ्लशिंगचे जहाल द्रावण टाळलेले बरे. त्याने सुटलेला गाळ चेंबरमधील जाळीत अडकून ऑइलचा दाब कमी होऊ शकतो.

३. थर्मोस्टॅट : काढून टाकलेला असल्यास योग्य तापमानाचा नवा बसवावा. इंजिन तापत असेल तर त्याचे खरे कारण रेडिएटर, पाण्याचा पंप किंवा पंख्याचा पट्टा यांत शोधावे.

४. मॅनिफोल्ड : हवा आत नेणारा मॅनिफोल्ड इंजिनावरून उतरवूनच साफ करावा. जाग्यावर खरवडल्यास सुटलेले तुकडे थेट सिलिंडरमध्ये जातात. उतरविल्यानंतर हेडची उघडी तोंडे स्वच्छ कापडाने बंद करावीत आणि परत जोडताना कापडाचे तुकडे मोजून काढावेत. इंजिनात ईजीआर झडप असेल, तर तीही याच वेळी उतरवून साफ करता येते.

५. नोझल : नोझल खोलण्याचे काम घरी करता येते, तिची चाचणी मात्र नाही. तुषार कोणत्या दाबाला उघडतात आणि कसे पसरतात हे पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानातील यंत्रावरच समजते. नोझलच्या छिद्रात तार घालू नये. तिच्या तुषारांसमोर कधीही हात धरू नये. या दाबाने निघालेले डिझेल कातडी भेदून आत शिरते. बाहेरून जखम किरकोळ दिसली तरी बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे अशा प्रसंगी तात्काळ रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

ही कामे झाल्यानंतर इंजिन योग्य तापमानाला आणून, परवानगीइतका माल भरून, महामार्गावर एक-दोन तास एकसारख्या वेगाने ट्रक चालवावा. त्यामुळे सायलेन्सर व मॅनिफोल्डमधील मऊ काजळी बऱ्याच अंशी निघून जाते. कठीण कार्बन जळण्यासाठी मात्र सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमान लागते आणि ते रिंगच्या खाचेत निर्माण होत नाही.

हेड उघडण्याचा निर्णय

वरील उपायांनंतरही धूर, ऑइलचा खप आणि ब्रीदरमधील गळती कायम राहिल्यास प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. दाब सर्व सिलिंडरमध्ये सारखाच कमी आहे की एखाद्यात विशेष कमी आहे, हे पाहिल्यावरच हेड उघडण्याचा निर्णय घ्यावा. रिंग किंवा लाइनर झिजले असल्यास केवळ कार्बन काढून उपयोग होत नाही. अशा वेळी हेड दोनदा उघडण्याचा खर्च सोसावा लागतो.

सुटे भाग घेण्यापूर्वी इंजिनाचा क्रमांक पाहावा. टाटाच्या जुन्या इंजिनांत हा क्रमांकच पुरेशी माहिती देतो. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर व ९७ मिलिमीटर व्यास, तर ६९७ म्हणजे त्याच व्यासाचे ६ सिलिंडर. पहिल्या इंजिनाची क्षमता २,९५६ घन सेंटिमीटर असून दुसऱ्याची ५,६७५ घन सेंटिमीटर आहे. गॅस्केट, बोल्ट आवळण्याचे माप आणि टॅपेटमधील अंतर इंजिनागणिक बदलते. म्हणून ऐकीव मापांवर विसंबून राहू नये.

हेड उतरविण्याचे काम एकट्याने करू नये. ट्रकच्या इंजिनाचे हेड जड असते. केबिन पुढे कलणारी असल्यास ती केवळ जॅकवर न ठेवता आधाराची दांडी लावावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे करून सैल करावेत. गरम हेड उघडल्यास ते वाकते. पुशरॉड व व्हॉल्व्ह ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने, क्रमांक टाकून ठेवावेत.

थर काढण्याची पद्धत

पिस्टन एकेक करून सर्वांत वर आणावा. त्याच्या कडेने ग्रीसची बारीक रेघ भरावी म्हणजे सुटलेले कण फटीत न जाता ग्रीसमध्ये अडकतात. बाकीचे सिलिंडर आणि पाण्याची व ऑइलची छिद्रे कापडाने झाकावीत. थरावर डिझेल लावून तो काही वेळ भिजू द्यावा आणि मग लाकडी, पितळी किंवा कठीण प्लास्टिकच्या पट्टीने अलगद काढावा. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असल्याने पोलादी खरवडणीने त्यावर चरे पडतात आणि पुढे त्याच चऱ्यांत कार्बन धरतो.

पॉलिश कागद व यंत्राला लावलेला तारेचा ब्रश पिस्टनवर वापरू नये. कागदाचे खरखरीत कण रिंगमध्ये जाऊन लाइनर घासतात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भाग उकळण्याची जुनी पद्धत लोखंडी भागांपुरतीच योग्य आहे. ॲल्युमिनियमला हा सोडा खातो आणि त्या क्रियेत हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निर्माण होतो.

साफ झालेल्या हेडवर सरळ पट्टी ठेवून ते सपाट आहे का हे तपासावे. व्हॉल्व्ह घासून बसविणे, हेड प्लेन करणे आणि तडा तपासणे ही कामे मशीन शॉपमध्ये करून घ्यावीत. गॅस्केट प्रत्येक वेळी नवेच लागते. बोल्ट टॉर्क पान्याने, मध्यापासून बाहेर, पुस्तिकेत दिलेल्या टप्प्यांत आवळावेत. त्यानंतर टॅपेटचे अंतर लावणे, पाणी भरणे, डिझेलच्या लाइनमधील हवा काढणे आणि नवे ऑइल भरणे हा क्रम पाळावा.

आग, धूर आणि आरोग्य

भाग धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये. डिझेल व केरोसीन त्यामानाने सुरक्षित समजले जातात. मात्र ज्या तापमानाला त्यांची वाफ ठिणगीने पेटू शकते, ते तापमान भारतीय मानकांनुसार किमान ३५ अंश सेल्सियस इतकेच ठेवलेले आहे. जयपूरमधील मे महिन्याच्या दुपारी हवाच त्याहून अधिक तापलेली असते. त्यामुळे हे काम सकाळी, सावलीत, मोकळ्या जागेत करावे. बॅटरीची तार आधी सोडावी आणि जवळ विडी, शेगडी किंवा ग्राइंडर असू नये. वाळूची बादली व अग्निशामक हाताशी ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. याच धुरातून साचलेली काजळीही निरुपद्रवी मानता येत नाही. म्हणून थर ओला करूनच खरवडावा आणि नाकातोंडावर योग्य मास्क, डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे घालावेत. हात डिझेलने न धुता साबणाने धुवावेत. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

टाकाऊ तेल आणि कायदा

काढलेले इंजिन ऑइल हे घातक व इतर कचरा नियम, २०१६ अन्वये घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात, विहिरीजवळ किंवा मातीत ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणाऱ्या संकलकाकडे द्यावे. धुण्यासाठी वापरलेले डिझेलही त्याचप्रमाणे वेगळे साठवावे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार भारत स्टेज ४ पूर्वीच्या डिझेल वाहनांसाठी धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक असून भारत स्टेज ४ वाहनांसाठी ती ५० एकक आहे. चाचणीच्या वेळी गियर न टाकता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिनाचा वेग झपाट्याने वाढविला जातो आणि सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराची घनता मोजली जाते. चाचणीसाठी इंजिन पुरेसे गरम असणे आवश्यक आहे. प्रदूषणाच्या नियमांचे उल्लंघन झाल्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

चाचणीपुरता धूर कमी व्हावा म्हणून पंपातून डिझेल कमी करून घेण्याचा प्रकार काही वेळा केला जातो. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले तरी ओढ कमी होते आणि रिंग व नोझलमधील मूळ दोष तसाच राहतो. याउलट स्वच्छ फिल्टर, वेळेवर बदललेले ऑइल, तपासलेली नोझल आणि योग्य तापमान या चार गोष्टी सांभाळल्या, तर जुने इंजिनही मर्यादेत धूर सोडते आणि हेड उघडण्याची वेळ पुष्कळ लांबते. महामार्गावरच्या एकट्या ट्रकमालकासाठी खरी बचत याच नियमित देखभालीत आहे.